मित्राच्या कर्जाला जामीन राहण्याआधी

"काही नाही रे, फक्त सही लागते. हप्ता मीच भरणार आहे." सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट सुटताना, नाशिकरोडच्या चहाच्या टपरीवर, पिंपळगावच्या बाजारात ट्रॅक्टर लावून उभं असताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. त्याला हप्ता भरायचाच असतो. पण कंपनीत ले-ऑफ येतो, ऐन छाटणीनंतर अवकाळी पाऊस द्राक्षाचे घड कुजवतो, कांद्याचा भाव वाहतूक खर्चाखाली जातो, आणि चांगल्या माणसाचा हप्ता थकतो. तेव्हा कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कागदावर दुसरं नाव तुमचं असतं.

आपल्याकडे जामीन म्हणजे ओळखीची खूण समजतात: हा माणूस भला आहे, मी त्याला ओळखतो, एवढंच. कागद तसं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधली १२६ ते १४७ ही कलमं हमीच्या कराराबद्दल आहेत. त्यातल्या कलम १२८ नुसार करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. जेवढं त्याचं देणं, तेवढंच तुमचं. मुद्दल, व्याज, दंड, वसुलीचा खर्च, सगळं त्यात आलं. "आधी त्याच्याकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या" असं म्हणण्याचा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपेपर्यंत धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, थांबावं अशी अट तिथे मान्य झाली नाही, आणि यामागचा विचार असा की हमीचा उपयोगच मुळी झटपट पैसे मिळण्यासाठी असतो.

वसुली अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिलं की पुढचं आपोआप कळतं. कर्जदार गाव सोडून गेलेला, फोन बंद. जामीनदार मात्र दर महिन्याला पगार घेणारा, पत्ता पक्का, सातबारा नावावर. मग नोटीस आधी कोणाच्या दारात येणार? जामीनदार निवडतानाच संस्थेने नोकरी, जमीन, घर पाहिलेलं असतं ते याच कारणासाठी.

आकडे मांडून बघू. ५ लाखांचं कर्ज, १४ टक्के व्याज, ६० हप्ते. हप्ता सुमारे ११,६३४ रुपये. मित्राने वर्षभर चोख भरले, म्हणजे जवळपास १ लाख ३९ हजार ६०० दिले. त्यानंतरही बाकी ४ लाख २५ हजारांच्या पुढे असते, कारण पहिल्या वर्षाच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो. इथून दोन वर्षं एकही हप्ता नाही आणि संस्था १४ अधिक २ असं १६ टक्क्यांनी, तेही सरळव्याज लावते असं धरलं, तरी १ लाख ३६ हजारांची भर पडून मागणी ५ लाख ६१ हजारांवर जाते. नोटीस, वकील, जप्तीचा खर्च वेगळा. म्हणजे वर्षभर कर्ज फेडलेल्या माणसाच्या जामीनदाराला मूळ कर्जापेक्षा मोठ्या रकमेची नोटीस येते. "त्याने निम्मं तर फेडलंच असेल" या समजुतीवर विसंबणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करावा.

आता फॉर्मकडे. पतसंस्थेचा कर्जअर्ज आणि जामीनपत्र बहुधा एकाच पुडक्यात असतं, आठ-दहा पानं, बारीक टाइप, आणि सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या. कर्मचारी बोट ठेवत जातो, आपण सही करत जातो. त्याच पानांत "संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार" हे शब्द असतात. याचा अर्थ तीन जामीनदार असले तरी तुमची जबाबदारी एक तृतीयांश नसते. पूर्ण रक्कम तुमच्या एकट्याकडून मागता येते. बऱ्याच फॉर्मवर करार कायद्याच्या कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ खालचे हक्क जामीनदार सोडून देतो, असं एक वाक्य असतं. ते वाचून बहुतेकांना काही कळत नाही. कळलं, तर पेन खाली ठेवावासा वाटेल. कारण कायद्याने जामीनदाराला दिलेलं संरक्षण याच कलमांत आहे: तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, कर्जदाराला देण्यातून मुक्त केलं, त्याच्याशी तडजोड करून मुदत वाढवण्याचं कबूल केलं किंवा हातातलं तारण घालवलं, तर जामीनदार पूर्ण किंवा त्या प्रमाणात सुटतो.

ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. निफाडच्या मित्राने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं, ट्रॅक्टर नजरगहाण, म्हणजे वापर मित्राचा पण कर्जाला तारण. हप्ते थकले. संस्थेने ट्रॅक्टर ओढून आणला, यार्डात दोन पावसाळे तसाच पडू दिला, टायर गेले, बॅटरी गेली, शेवटी मातीमोल भावात विकला. कलम १४१ शाबूत असेल, तर धनकोच्या हयगयीने तारणाची जेवढी किंमत गेली तेवढ्यापुरता जामीनदार सुटल्याचा मुद्दा मांडता येतो. तो हक्क सहीने सोडलेला असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो, आणि उरलेली रक्कम तुमच्याकडे मागितली जाते.

कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही करू नका. रक्कम, व्याजदर, मुदत, कर्जाचा हेतू, तारीख, सगळं शाईने भरलेलं हवं. कोरा धनादेश तर अजिबात नको. "सिक्युरिटी म्हणून ठेवतो, वापरत नाही" असं सांगतात. पण सही केलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला होता हे गृहीतक सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या निकालात म्हटलं आहे. ते गृहीतक खोडण्याचा भार तुमच्यावर येतो. जामीनदाराचा धनादेश वटला नाही तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे धनादेशांच्या कायद्याचं, कलम १३८ लागू होऊ शकतं. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. हप्ता दुसऱ्याचा, आणि कोर्टाच्या तारखा तुमच्या.

सहीच्या रेघेखाली छापलेला शब्दही वाचा. साक्षीदार वेगळा, जामीनदार वेगळा, सहकर्जदार आणखी वेगळा. साक्षीदार फक्त सही पाहिल्याचं सांगतो, त्याच्यावर देणं येत नाही. सहकर्जदार पहिल्या हप्त्यापासूनच कर्जदार असतो. तोंडी "साक्षीदार म्हणून ये" असं सांगून कागदावर जामीनदाराच्या जागी सही घेतल्याच्या तक्रारी काही कमी नाहीत.

नाशिक जिल्ह्यात सहकारी पतसंस्था, नागरी बँका आणि नोकरदारांच्या सोसायट्या गावोगाव आहेत, त्यामुळे जामिनाचा प्रश्न इथे बहुतेकदा सहकार कायद्यातून सुटतो किंवा चिघळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १०१ हे त्यातलं मुख्य. बोलीभाषेत "एकशेएकचा दाखला". संस्था सहकार खात्याच्या निबंधकाच्या कार्यालयात अर्ज करते, सोबत कर्जाचे कागद आणि खातेउतारा जोडते. कर्जदार आणि जामीनदार, सगळ्यांना नोटीस निघते, सुनावणी होते आणि वसुली दाखला मिळतो. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं साक्षीपुरावे यात होत नाहीत. जामीन राहताना तुमच्याकडून नाममात्र सभासदत्वाचा अर्ज का भरून घेतात, याचं उत्तरही इथेच आहे: सभासद झालात की या कायद्याच्या कक्षेत आलात. बहुराज्य संस्था असेल तर मार्ग वेगळा, बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ च्या कलम ८४ खाली लवादाकडे प्रकरण जातं.

दाखला निघाल्यावर विशेष वसुली व विक्री अधिकारी कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतला नियम १०७ वापरून जप्तीला लागतो. आधी मागणी नोटीस, मग जंगम माल, मग स्थावर. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो, आणि तो चढल्याचं अनेकांना कळतं ते जमीन विकायला किंवा पीककर्ज घ्यायला गेल्यावर. म्हणून जामीन राहिलेल्या शेतकऱ्याने वर्षातून दोनदा तरी डिजिटल सातबारा काढून पाहावा. १५ रुपयांत निघतो.

सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे सुनावणीची नोटीस. पुष्कळ जामीनदार ती नोटीस घेऊन मित्राकडे जातात. मित्र म्हणतो, "मी बघतो, साहेबांशी बोललोय." आणि जामीनदार तारखेला जात नाही. एकतर्फी दाखला निघतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करायचा, तर येणं असलेल्या रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात, त्याशिवाय अर्ज दाखलच करून घेत नाहीत. वरच्या उदाहरणात ते २ लाख ८० हजार झाले. सुनावणीच्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून हजर राहणं हे त्याहून कितीतरी स्वस्त. जाताना लेखी म्हणणं न्यावं: खातेउताऱ्याची मागणी, भरलेल्या पावत्या, व्याजाच्या दराबद्दल हरकत, सही तुमची नसेल तर तसं स्पष्ट, तारण असेल तर आधी त्याची विक्री करावी ही विनंती. प्रतीवर आवक शिक्का घ्यायचाच.

नोकरदारांसाठी पगाराचा मुद्दा. पगारदारांच्या सोसायटीत जामीनदाराकडून पगारकपातीची संमती लिहून घेतात. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे मालकाने ती रक्कम पगारातून कापून सोसायटीला द्यायची असते. म्हणजे नोटीस, कोर्ट काही नाही. महिनाअखेरीला पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात एक नवी ओळ दिसते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पगार जप्त व्हायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ची मर्यादा आहे: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. पगार ३२,००० असेल तर जास्तीत जास्त १०,३३३ रुपये जप्त होऊ शकतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने जप्ती झाली की त्यापुढे त्या हुकूमनाम्यात पगाराला हात लागत नाही. स्वतः लिहून दिलेल्या संमतीला ही मर्यादा लागेलच असं धरून चालू नका. संमतीपत्रात दरमहा किती कापायचे याचा आकडा लिहून घ्या.

याच सोसायट्यांत एक घातक पद्धत रुळली आहे. तू मला जामीन, मी तुला. कंपनीच्या एकाच विभागातले चौघे एकमेकांना जामीन. कागद पूर्ण होतात, सगळे खूश. पण चौघांचा पगार एकाच कंपनीतून येतो. युनिट बंद पडलं की चारही कर्जं एकाच महिन्यात थकतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःच्या कर्जासोबत इतरांचंही देणं येतं. जामीनदार वेगळ्या कमाईचा असावा हे संस्थेने पाहायला हवं. ती पाहत नसेल, तर तुम्ही पाहा.

ज्या संस्थेत जामीन आहात, तिथेच मुदतठेव ठेवू नका. सभासदाचे शेअर्स आणि ठेवी त्याच्या देण्यापोटी वळत्या करण्याची तरतूद सहकार कायद्याच्या कलम ४६ मध्ये आहे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडायला गेल्यावर "जामीनकीपोटी वळती केली" हे काउंटरवर ऐकायला लागणं फार वाईट असतं.

बँकांकडे वळलं तर वेगळं चित्र दिसतं. ९० दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए, म्हणजे बुडीत वाटेवरचं, धरलं जातं. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यात "कर्जदार" या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदार येतो. त्यामुळे तुम्ही स्वतःचा फ्लॅट तारण दिला असेल, तर ६० दिवसांच्या नोटिशीनंतर बँक त्याचा ताबा घ्यायला निघू शकते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. शेतजमिनीवर मात्र सरफेसी चालत नाही. म्हणून नुसती वैयक्तिक हमी देणं आणि मालमत्ता तारण देणं यात मोठा फरक आहे. मित्रासाठी राहतं घर तारण देऊ नये, या मताबाबत आम्हाला कसलीही तडजोड मान्य नाही.

क्रेडिट रिपोर्टमध्येही, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या अहवालातही, जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या नावाखाली "हमीदार" म्हणून दिसतं. हप्ता त्याने चुकवला तर डाग तुमच्या अहवालावरही येतो. उद्या पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यायचा म्हणून गृहकर्ज मागाल तेव्हा बँक ही जबाबदारी हिशेबात धरू शकते आणि मंजुरी कमी होते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या असे अहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर नजर राहते. हप्ता थकल्याचा मेसेज कर्जदाराच्या मोबाइलवर जातो, तुमच्या नाही. मंजुरीच्या वेळीच लेखी अर्ज द्या: थकबाकी झाल्यास मला माझ्या पत्त्यावर व मोबाइलवर कळवावे.

एवढं सगळं कळूनही कधीकधी नाही म्हणता येत नाही. मित्राच्या बापाचं ऑपरेशन असतं, पोराची फी असते. मग मर्यादा लिहून घ्या. करार कायद्याच्या कलम १२८ मध्येच "करारात अन्यथा नसेल तर" असं आहे, म्हणजे "माझी जबाबदारी जास्तीत जास्त २,००,००० रुपयांपर्यंत" असं जामीनपत्रात लिहिता येतं. संस्था मान्य करेलच असं नाही, पण विचारण्यात काही जात नाही. किती रकमेपर्यंत राहावं? उद्या तो एक रुपयाही भरणार नाही असं धरून, घर न मोडता तुम्ही स्वतः फेडू शकाल तेवढीच. आणि मित्राकडून ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर भरपाईचा करार करून घ्या: कर्जाचा तपशील, तुम्ही भराल ती रक्कम किती दिवसांत परत करणार, कोणती मालमत्ता आहे. त्याच कायद्याच्या कलम १४५ ने भरपाईचा हक्क तसाही मिळतो. कागदाने तो सिद्ध करणं सोपं होतं. हा कागद मागताना जीभ अडखळते, मान्य. पण जो मित्र तुमच्या सहीची अपेक्षा करतो, त्याला त्याची सही मागण्यात गैर काही नाही.

कॅश क्रेडिटच्या, म्हणजे लागेल तशी उचल करायच्या, खात्याला दिलेली हमी चालू हमी असते. खातं नूतनीकरण होत राहतं, हमी मागे लागून राहते. पुढच्या उचलीपुरती ती लेखी नोटिशीने मागे घेता येते (करार कायदा, कलम १३०), जामीनपत्रात उलट अट नसेल तर. जुनं देणं सुटत नाही. मुदतकर्जात पैसे एकदा वाटप झाले की माघार नाही. संस्थेने दुसरा जामीनदार स्वीकारून तुम्हाला लेखी मुक्त केलं तरच सुटका. जामीनदार वारला तरी झालेलं देणं मिटत नाही, वारसांना मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत ते त्यांच्याकडे येतं. घरच्यांपासून लपवून जामीन राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बायकोला, मुलांना कागदाची प्रत कुठे आहे हे माहीत हवं.

नोटीस आल्यावर घाबरून फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्र करणं, जमीन भावाच्या नावे करणं, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द ठरू शकतं. मुद्रांकाचा खर्च जातो आणि नियत खोटी असल्याचा पुरावा संस्थेच्या हातात जातो. "शिल्लक मान्य आहे" असं छापलेल्या पत्रावरही सहजासहजी सही करू नका. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीपासून नवी मुदत मोजायला सुरुवात होते.

शेवटी पैसे भरायची वेळ आलीच, तर एकरकमी परतफेड योजना आहे का हे आधी विचारा. जामीनदारालाही तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. पैसे मित्राच्या हातात देऊ नका, स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि "जामीनदार अमुक यांनी भरले" असा उल्लेख असलेली पावती घ्या. हा एक शब्द नसल्यामुळे पुढचे दावे अडतात. भरल्यावर करार कायद्याच्या कलम १४० आणि १४१ प्रमाणे धनकोचे हक्क आणि तारण तुमच्याकडे येतं, ते लेखी मागा. मित्रावर वसुलीचा दावा करायला तुम्ही पैसे भरल्यापासून तीन वर्षं मिळतात. सहजामीनदाराकडून त्याचा वाटा मागायचा तर तुम्ही स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त भरल्यापासून तीन वर्षं. दोघेच जामीनदार असतील तर निम्मा, म्हणजे वरच्या हिशेबात सुमारे २ लाख ८१ हजार. मैत्रीखातर वाट बघता बघता ही तीन वर्षं सरतात. पहिल्या वर्षीच मित्राकडून लेखी कबुली घेऊन ठेवा.

आणि कर्ज नीट फिटलं तरी काम संपत नाही. बेबाकी दाखला (काही देणं उरलं नसल्याचा) जामीनदाराच्याही नावाने घ्या, दिलेले धनादेश आणि वचनचिठ्ठी परत घेऊन समोर रद्द करा, सातबाऱ्यावरचा बोजा कमी झाल्याचा फेरफार पाहा आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं बंद दिसतं का ते तपासा.